सासूबाईंचा वेग

सकाळी उठल्याबरोबर आधी गोळी, मग तळ्याभोवती चालणं आणि परत आल्यावरच चहा, हा क्रम त्या घराला सासूबाईंनी घालून दिला होता आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती. कोणाची म्हणजे सुनेची. घरात त्या दोघीच होत्या. मुलगा मालवाहू जहाजावर होता. वर्षाचा बराचसा भाग तो समुद्रावर काढी आणि उरलेला झोपेत. सासू आणि सून या दोन शब्दांच्या मध्ये एरवी जो तिसरा माणूस उभा असतो, तो इथे नव्हता, आणि त्याच्या रिकाम्या जागी काही वर्षांपासून एक आजार येऊन बसला होता. दोघींच्याही गळ्यातली फुलपाखराएवढी थायरॉईडची ग्रंथी अंग चोरून काम करत होती.

"रक्ताचं नातं नाही आणि आजार एकच," डॉक्टरीणबाई पहिल्या वेळी म्हणाल्या होत्या. "सासू-सुनेचं इतकं एकमत मी पहिल्यांदाच बघतेय."

"एकमत कसलं?" सासूबाई म्हणाल्या. "तिची गोळी माझ्या चौपट ताकदीची. आळसातसुद्धा ही माझ्या पुढे."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि मग हसू आवरून त्यांनी दोघींना सांगितलं की गोळी ग्रंथीचं काम करील, पण सांधे, स्नायू आणि मन ही मंडळी निव्वळ गोळीला जुमानत नाहीत; त्यांना रोज बाहेर काढून चालवावं लागतं. "बोलता यावं पण गाता येऊ नये, असा वेग ठेवा," त्या म्हणाल्या. सुनेला ते वाक्य आवडलं होतं. माणसाच्या उरलेल्या आयुष्याचाच वेग कोणीतरी सांगावा, तसं ते तिला वाटलं होतं.

गोळ्यांचं खातं सासूबाईंकडे होतं. त्यांची सगळी नोकरी एका छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली होती. शिशाच्या अक्षरांचे ते खिळे लाकडी खानेदार पेटीतून उचलायचे, ओळ लावायची, छपाई झाली की पुन्हा ज्याच्या त्याच्या खान्यात टाकायचे. आणि हे सगळं न बघता, अंगठ्याच्या पेराने. छापखाना बंद झाला तेव्हा बाकीच्यांनी भिंतीवरचं घड्याळ नेलं, पंखे नेले. यांनी खिळ्यांची एक रिकामी पेटी आणली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला ठोकली. बटणं, सुया, किल्ल्या, दोरे, सगळं त्या खान्यांत. पाकिटातली वस्तू ही त्यांच्या लेखी अजून घरात आलेलीच नसे. गोळ्यांची पाकिटंही त्या आणल्या आणल्या फोडत आणि गोळ्या मोकळ्या करून दोन खान्यांत टाकत. मोठी सुनेची, लहान आपली. मोठ्या खिळ्याचं वजन जास्त, लहानाचं कमी. ज्या हातांनी चाळीस वर्षं हेच तोललं होतं, त्यांना याहून वेगळा हिशेब माहीत असायचं कारण नव्हतं. रोज सकाळी त्या अंधुक उजेडात हात घालत, एक गोळी सुनेच्या तळहातावर ठेवत, एक स्वतःच्या जिभेवर. सून पदवीधर होती, वाचणं हाच तिचा व्यवसाय होता. पण त्या तळहाताकडे तिने कधी डोळे उघडून पाहिलं नव्हतं. आपल्या हातावर कोणी काही ठेवतंय, एवढ्यावरच तिची सकाळ निभत असे.

मग पावसाळा सरता सरता औषधाच्या दुकानात नेहमीच्या कंपनीची गोळी मिळेनाशी झाली. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली. "औषध तेच, ताकद तीच," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. सासूबाईंनी घरी आल्यावर पाकिटं फोडली आणि अंगठ्याला विचारून गोळ्या दोन खान्यांत टाकल्या.

त्यानंतर सासूबाईंना वेग आला.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. तळ्याची वाट सपाट, सिमेंटची. कडेला बाकं, बाकांवर सकाळची थंडी बसलेली. वर्षानुवर्षं त्या दोघी त्या वाटेवर एका वेगाने चालत होत्या, थोरली हातातली काठी टेकत आणि धाकटी तिच्या पावलाला पाऊल देत. मग एके दिवशी काठी घरी राहिली. काही दिवसांनी सासूबाई वळणावर थांबून सुनेची वाट बघू लागल्या. आणि पुढे पुढे तर त्या थांबेनाशाच झाल्या. तळ्याच्या पलीकडच्या काठाने त्यांची करडी शाल झपाझप जाताना दिसे आणि अलीकडच्या काठाने सून, ओल्या गोधडीसारखे स्वतःचे पाय ओढत, त्या शालीकडे बघत चाले. मध्ये पाणी. कधीकधी पाण्यात शालीचं प्रतिबिंब पडे, आणि तेही तिच्यापेक्षा लवकर पुढे निघून जाई.

"अहो, काय खाता काय तुम्ही?" शिट्टीबाईंनी विचारलं. त्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. सकाळी फिरणाऱ्या बायकांच्या त्या आपोआपच पुढारी झाल्या होत्या, आणि गळ्यातली शिट्टी त्यांनी निवृत्तीनंतरही काढली नव्हती.

"वेगळं काय खाणार? भूक लागते, खाते, आणि तरी परकर कमरेला सैल होतोय," सासूबाई म्हणाल्या. त्या गाणं गुणगुणत होत्या. "या वयात माणसं वाळतात, मी उमलतेय."

"आणि सूनबाई?"

"ती मागून येतेय. गोगलगायीला घाई करून चालतं का? शंख पाठीवर आहे तिच्या."

बायका हसल्या. सूनही हसली, कारण तोवर ती तिथे पोचली होती आणि बोलण्याइतका दम तिच्याजवळ नव्हता. तिचे डोळे सकाळी सुजलेले असत. केस कंगव्यात जास्त राहत आणि डोक्यावर कमी. हातमोजे घालायची वेळ अजून आली नव्हती, तरी बोटं गार पडत. हे सगळं तिला ओळखीचं होतं, गोळी सुरू होण्यापूर्वीच्या त्या राखाडी वर्षातलं. पण आता ती गोळी घेत होती, चालत होती, नेमाने. तेव्हा ज्याला नाव नव्हतं त्याला पुढे निदान आजार तरी म्हणता आलं होतं. या वेळी तिने त्याला स्वभाव म्हणायला सुरुवात केली. आपण मुळातच अशा, ओलसर आणि मंद. मधली चार वर्षं हा अपवाद होता.

अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेत ती काम करी. स्पंज लावलेल्या भिंतींची खोली, एक टेबल, हिरवं कापड घातलेलं, पान उलटल्याचा आवाज येऊ नये म्हणून. आणि काचेच्या पलीकडे कानांवर हेडफोन चढवलेला ध्वनिमुद्रक. सध्या भूगोलाचं पुस्तक चालू होतं.

"बाई," एका दुपारी काचेपलीकडून आवाज आला, "राग मानू नका. तुमच्या नद्या फार हळू वाहतायत."

"म्हणजे?"

"मी तुमचं वाचन जरा वेग वाढवून ऐकतो हल्ली. घरी जायला उशीर होतो ना. वेग वाढवला की तुम्ही गेल्या वर्षीच्या वाटता." मग त्याचा स्वर बदलला. "आवाजही जाड झालाय. दोन ओळींच्या मध्ये तुम्ही कुठे जाता? मी इथे बसून वाट बघत असतो."

त्याने जुनं एक ध्वनिमुद्रण लावलं. खोलीत एक बाई बोलू लागली, स्वच्छ, उत्सुक. प्रत्येक वाक्याचा शेवट तिला आधीच दिसत असल्यासारखी. सुनेने ते परक्या माणसाचं बोलणं ऐकावं तसं ऐकलं. मग उठून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

रक्त तपासलं गेलं. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी स्वतःच फोन केला. "गोळी घेता ना?"

"रोज."

"खरं सांगा. चालण्याने बरं वाटायला लागलं की बायका गोळी सोडतात. मला रोज भेटतात अशा. चालणं चालण्याच्या जागी, गोळी गोळीच्या."

"मी चुकवत नाही. आई चुकू देत नाहीत."

"मग संध्याकाळी येताना गोळी घेऊन या. दोघींचीही आणा, बघू."

तिने पेटीतल्या दोन खान्यांतून एकेक गोळी उचलली आणि कागदात बांधून नेली. डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली भिंग धरलं. गोळीच्या पोटावर, भाताच्या कणाहूनही लहान, आकडे कोरलेले होते.

"यातली तुम्ही कोणती घेता?"

"मोठी."

"मोठीवर पंचवीस आहे. आणि छोटीवर शंभर." त्यांनी भिंग खाली ठेवलं. त्यांना सुनेची काळजी वाटली नाही, ती वाटायला वेळ होता. "सासूबाई कशा आहेत?"

सुनेने सांगायला तोंड उघडलं आणि सांगता सांगताच ते सगळं तिच्या कानांवर पहिल्यांदा पडलं: काठी सुटली, कपडे सैल झाले, पहाटे चारलाच उठून कपाटं आवरतात, उकडतं म्हणून खिडक्या उघड्या, कप ठेवताना बशी वाजते. एकेक गोष्ट तिने कौतुक म्हणून पाहिली होती.

"छातीत धडधड?"

"त्या म्हणतात, उत्साह."

"त्यांच्या वयात असला उत्साह हृदयाला परवडत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी उद्या दुपारपर्यंत नाहीये. दुपारी त्यांना घेऊन या, हृदयाचा आलेख काढू. तोवर दगदग नको, चढ-उतार नको. आणि आज घरी गेल्या गेल्या सांगा त्यांना."

ती घरी गेली तेव्हा सासूबाई स्टुलावर उभ्या राहून पडदे काढत होत्या. निम्मे पडदे धुऊन दोरीवर पडले होते. त्यांच्या गळ्यातून एक जुनं गाणं येत होतं, आणि स्वर लागत होता.

"ये," त्या वरूनच म्हणाल्या. "उद्या आम्ही टेकडीवर जातोय. पाण्याच्या टाकीपर्यंत. शिट्टीबाई म्हणाली तुम्हाला जमणार नाही, म्हटलं बघच. तू खालीच थांब हं बाकावर. मी वरून हात करीन."

"आई, खाली उतरा आधी."

"का? पडेन? अगं, तुझे सासरे गेल्यापासून मी त्या टेकडीकडे मान वर करून बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं, झालं आपलं. आता सपाटीवरूनच जायचं, शेवटापर्यंत." पडद्याचा कोपरा त्यांनी दातात धरला, मग सोडला. "आणि बघ. काहीच झालेलं नव्हतं मला."

सुनेने त्यांना हात देऊन उतरवलं. तो हात तिच्या हातात बारीक थरथरत होता, पक्षी धरल्यासारखा. सांगायला हवं होतं ते वाक्य तिच्या तोंडाशी तयार होतं. व्याकरणशुद्ध, दोन ओळींचं. पण तिच्या वाक्यांच्या मध्ये हल्ली जी पोकळी पडत असे, तीत ते गेलं, आणि तोवर सासूबाई ओले पडदे पिळायला निघून गेल्या होत्या.

मग तिला दुसरा मार्ग दिसला, आणि तो दिसल्यावर आधीचा अधिकच कठीण झाला. सांगायचंच कशाला? गोळ्या गुपचूप बदलता येतील. दुपारी तपासणीला नेताना काहीतरी निमित्त सांगता येईल, डॉक्टरीणबाईंना गप्प राहायला विनवता येईल. मग आठवड्याआठवड्याने तो वेग ओसरेल. काठी परत येईल. सासूबाई एक दिवस वळणावर थांबतील, दुसऱ्या दिवशी बाकावर बसतील, आणि समजतील की म्हातारपण आलं, जसं ते सगळ्यांना येतं. त्यात हाताची चूक नाही, कोणाचा दोष नाही. त्यांच्या अंगठ्याने आयुष्यात एक खिळा चुकीच्या खान्यात टाकला नव्हता, हेही तसंच राहील. किती सोपं होतं ते. आणि किती निर्दय. माणसाला त्याचं अजून न आलेलं मरण आधीच देऊन ठेवण्यासारखं.

ती रात्र तिने काहीच न ठरवता घालवली.

सकाळी ती आधी उठली, गोळ्या स्वतः काढल्या आणि मोठी सासूबाईंच्या हातावर ठेवली. सासूबाई बुटांच्या नाड्या बांधत होत्या. त्यांनी ती न बघताच तोंडात टाकली, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "घशाला लागली आज." एवढंच. मग दार उघडून त्या निघाल्यादेखील.

"आई, आज टेकडी नको."

"झालं सुरू. तू नको येऊस की."

"डॉक्टरीणबाईंनी दुपारी बोलावलंय तुम्हाला."

"मग दुपारी जाऊ. आत्ता दुपार आहे का?"

तळ्यापाशी शिट्टीबाई होत्याच. त्यांनी शिट्टी फुंकली, बायका हसल्या, आणि टेकडीच्या पायवाटेला लागल्या. पहिला चढ सौम्य होता, गवतातून जाणारा. पुढे दगडात खोदलेल्या पायऱ्या. शिट्टीबाई आघाडीवर, त्यांच्या मागे करडी शाल. सुनेने खालून हाक मारली. आवाज निघाला तो जाड, ओला, तोंडापासून हातभरावरच पडणारा. ज्या आवाजाने तिने अंध मुलांना पर्वतरांगा दाखवल्या होत्या, तो या एका टेकडीवर चढेना.

तेव्हा ती चढू लागली.

तिचं शरीर म्हणजे तिच्यावर सोपवलेलं दुसऱ्या कोणाचं तरी सामान होतं. मांड्या दगडाच्या. श्वास छातीत वरच्यावरच फिरत होता, खाली उतरायला जागा नसल्यासारखा. बोलता यावं पण गाता येऊ नये. तिला आता दोन्ही येत नव्हतं. पण ती थांबली नाही, कारण थांबली असती तर ते वाक्य पुन्हा त्या पोकळीत गेलं असतं, आणि वर एक म्हातारी बाई उसन्या बळावर पायऱ्या चढत होती. पायऱ्यांच्या मध्यावर तिने शालीचं टोक धरलं.

सासूबाई वळल्या. चेहरा लाल, कपाळावर घाम, डोळे विलक्षण चमकदार. "अगं, तू? तू चढलीस?"

"बसा."

"टाकी दिसतेय ती बघ. एवढ्या..."

"आई, बसा!"

या घरात आल्यापासून ती त्यांच्यावर कधी ओरडली नव्हती. सासूबाई बसल्या, ऐकलं म्हणून नव्हे, आश्चर्याने. सून त्यांच्या खालच्या पायरीवर बसली आणि दम लागलेल्या, तुटक शब्दांत तिने सांगून टाकलं. गोळ्या बदलल्यात. नवीन कंपनीची लहान गोळी जास्त ताकदीची, मोठी कमी. माझी तुम्हाला जात होती, तुमची मला. हा वेग आजाराचा आहे. हृदयाला धोका आहे. दुपारी त्यासाठीच जायचंय.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. वाऱ्याने शालीचं टोक उडत होतं, ते त्यांनी दोनदा सावरलं. मग उजव्या हाताचा अंगठा त्यांनी तर्जनीवर घासला, हळूहळू, तिथे काही आहे का हे बघत असल्यासारखा.

"लहानात जास्त वजन," त्या म्हणाल्या. "असं करतात होय हल्ली?"

"मीही बघितलं नाही. मला वाचता येतं, मी बघायला हवं होतं."

"तुझं राहू दे. टाकल्या मी." थोड्या वेळाने: "आज मोठी दिलीस ती मुद्दाम?"

"हो."

"न विचारता."

"हो."

"मला कळवलंच नसतंस तर?"

"काल रात्री तसं मनात आलं होतं."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता आणि तो चांगला ठणठणीत होता. "कालच सांगितलं असतंस तर माझं रात्रीतच रागावून झालं असतं. आता दिवस जाणार त्यात. स्टुलावर होते तेव्हाच सांगायचं."

"तुम्ही गात होता."

"मग? गाणं संपल्यावर सांगायचं. गाणी संपतात."

वरून कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. सासूबाईंनी तिकडे बघितलं नाही. त्या खाली बघत होत्या. तळं तिथून ताटलीएवढं दिसत होतं आणि त्याच्या काठची वाट दोऱ्यासारखी.

"मग हे एवढं चढले," त्यांनी विचारलं, "ते कोणी? मी की गोळीने?"

सुनेला उत्तर माहीत होतं. त्याहून गोड असं दुसरंही माहीत होतं, आणि ते अगदी जिभेवर होतं. आज तर तुम्ही स्वतःचीच गोळी घेतलीत, असं नुसतं म्हणायचा अवकाश होता. पण आधीची गोळी अंगातून उतरायला बरेच दिवस लागतात, हे डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं.

"थोडं तुम्ही, थोडं गोळीने," ती म्हणाली. "कोणी किती, ते डॉक्टरांनाही सांगता येणार नाही."

"तुला काय वाटतं?"

"बरंचसं गोळीने."

सासूबाईंनी मान हलवली. छातीवर तळहात ठेवून त्या काही क्षण स्वतःच्या आतलं ऐकत राहिल्या, शेजारच्या घरात कोण आलंय याचा अंदाज घेत असल्यासारख्या. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. पायऱ्या वर गेल्या होत्या तशाच होत्या, आणि टाकीही तिथेच होती, फार लांब नाही.

"शिट्टीबाईला सांग, मी येत नाही म्हणून."

सुनेने वर तोंड करून सांगितलं. ते कोणालाही ऐकू गेलं नाही. तेव्हा सासूबाईंनीच हात उंचावून दोनदा आडवा हलवला. तो थरथरताना वरच्या बायकांना दिसला की नाही कोण जाणे; त्यांनी उलट हात केला आणि त्या पुढे निघून गेल्या.

उतारावर सून एक पायरी पुढे राहिली. सासूबाई बऱ्याच पायऱ्या आधाराशिवाय उतरल्या, तिरक्या, एकेक पाय जुळवून घेत. गवत सुरू व्हायच्या जरा आधी त्यांचा हात सुनेच्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला. त्याचा भार फारसा नव्हता, पण जो होता तो त्यांनी सगळा टाकला होता. आपल्याला किती जमेल याचा अंदाज घेत, सुनेने आपलं पाऊल आणखी हळू केलं.